बाबांचं वाक्य संपायच्या आत

“हॅलो? … हो, बोल ना पटाशी. … नाही गं, झोपते कुठली, पुस्तकाचं प्रूफ तपासतेय. … हो, उद्या छापखान्यात जायचंय…”

वहिनीनं फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात अडकवला आणि हातातलं लाल पेन चालूच ठेवलं. नणंदेचा फोन म्हणजे अर्धी दुपार, आणि अर्धी दुपार नुसती बोलण्यात घालवणं वहिनीच्या हिशेबात बसत नसे. तिच्या घरात कुठलीच वस्तू एकदा वापरून संपत नव्हती. चादरी विटल्या की त्यांचे अभ्रे, अभ्रे विटले की पायपुसणी. गेल्या वर्षापासून सासऱ्यांच्या बोलण्याचंही तेच चाललं होतं. बाबा आयुष्यभर सुतार. दुकान विकून ते घरी बसले, तेव्हा तिनं त्यांच्यापुढे माईक नि कॅमेरा ठेवला आणि ते खुर्च्याटेबलांच्या नि त्यांवर बसलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत गेले. त्याचा पॉडकास्ट झाला. मग एकेका भागातून छोट्या क्लिपा निघाल्या, फोटोवर छापलेलं एखादं वाक्य निघालं, दर आठवड्याचं पत्र निघालं, आणि आता पुस्तक. ‘ही बाई लाकूड विकून वर भुसाही विकेल,’ असं तिचा नवरा म्हणायचा. ती ते कौतुक समजायची.

“पाहिलीस क्लिप? … अगं, किती लोकांनी पुढे पाठवली, माहितेय? आजवर एवढी कुठलीच… हं. … हं. … का गं, आवाज असा का? सर्दी झालीय?”

सर्दी नव्हती. पेन थांबलं.

“कुठलं वाक्य? … हो, तेच आहे. फोटोवरही तेच घातलंय. … अगं ऐक ना… अगं, पण बाबाच बोललेत ते. माझ्या पदरचं एक अक्षर नाही त्यात. … छे, तुला टोमणा म्हणून कशाला टाकू? चांगलं वाटलं म्हणून टाकलं. … चांगलं म्हणजे… लोक बोट थांबवतात गं अशा वाक्यावर.”

वाक्य होतं, ‘पोरीच्या हाती दुकान द्यावं असं मला कधी वाटलंच नाही.’ एवढं बोलून बाबा खाली बघतात, बासरी वाजते आणि क्लिप संपते.

पटाशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाकडात खाच पाडायचं ते धारदार हत्यार. जीभ आणि हात दोन्ही तसेच, म्हणून बाबांनीच लहानपणी ठेवलेलं. ही पोर दुकानाच्या भुशात वाढली. दुकान विकायची वेळ आली तेव्हा बाबांनी मुलाला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, दलालाला तर येता-जाता विचारलं. हिला विचारलं नाही. आता ती दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवते. बाप खुर्च्यांना पाय बसवायचा, लेक माणसांना दात बसवते. हात तोच, गिऱ्हाईक तेवढं जास्त कुरकुरतं. दुकानाविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि घरच्यांनी ते खातं मिटलं असं धरून टाकलं. तिचं येणं मात्र कमी कमी होत गेलं. येत्या रविवारी ती बऱ्याच दिवसांनी राहायला येणार होती.

“येत नाहीस म्हणजे? … रविवारी नाही तर मग कधी? … असं नको बोलूस. कधीच नाही असं म्हणू नये गं माणसानं. … बाबा किती वाट… बरं, नाही बोलत. … काय म्हणालीस? शिळ्या कढीला ऊत? … म्हण बाई. त्याच कढीपायी लोक बाबांना ओळखायला लागले, हेही म्हण.”

आता वहिनीलाही थोडा राग आला होता. रागावलेला माणूस पुरावा मागतो, तिनंही मागितला.

“बरं, मला एक सांग. पूर्ण भाग ऐकलास का तू? … नाही ना? नुसती क्लिप बघून… मी? … मी म्हणजे काय, मी… मजकूर वाचला. मशीन निवडक तुकडे लिहून देतं ना… नाही, ऐकला असा नाही.”

हे बोलताना तिला आपलाच आवाज जरा बारीक झालेला ऐकू आला. खरं तर रेकॉर्डिंगच्या वेळीही ती समोर नसायची. समोर कुणी असलं की बाबा गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखे बोलत, म्हणून ती माईक लावून स्वयंपाकघरात निघून जाई. पुढचं काम मशीनचं. कुठे कापायचं तेही मशीनच ठरवी. आवाज थांबला की बोलणं संपलं, एवढीच त्याची अक्कल. आणि बाबांची बोलायची रीत वेगळी. ते सांधा चिकटवावा तसं बोलत. दोन तुकडे सरस लावून जोडले की सरस धरेपर्यंत हात काढायचा नाही, तसं अर्धं वाक्य बोलून थांबायचं आणि ते धरलं की पुढचं बोलायचं.

“थांब, पटाशी. ठेवू नकोस. … काही नाही, मूळ रेकॉर्डिंग लावते. … माझ्यासाठी लावते असं समज.”

तिनं लॅपटॉप ओढला. ते वाक्य आलं. मग काहीच नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, स्वयंपाकघरातला नळ ठिबकत राहिला. झालंच की, असं वाटून तिचं बोट बंद करायच्या बटणाकडे निघालंही होतं. तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला आणि ते पुढे बोलू लागले.

“… आहेस? … पुढे आहे गं अजून. वाक्य संपलंच नव्हतं. … ऐक.”

तिनं फोन लॅपटॉपला टेकवून धरला. ‘वाटलं नाही, हीच माझी खोट,’ बाबा सांगत होते. ‘तिचा हात माझ्याहून साफ. विकायच्या आधी तिला विचारायला हवं होतं. जीभच रेटली नाही.’

“ऐकलंस? … काय? … मी कशाला जोडू? … अगं, मला कुठं येतो आवाज बनवायला. … येतो गं हल्ली कुणालाही बनवता, पण मला… बरं. बरं. नको ठेवूस विश्वास.”

वर्षभर कापलेला माल विकणाऱ्यानं, गिऱ्हाईक शिवण तपासायला लागलं म्हणून कुरकुरू नये. एवढं वहिनीला कळत होतं.

“मी बाबांनाच देते फोन. … नसेल आवडत त्यांना फोनवर बोलायला. का आवडत नाही, माहितेय ना? ते थांबले की तू ‘आवाज येत नाही’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. … तूच असं नाही गं. सगळेच ठेवतो. मी तर कापूनच टाकते. … आज ठेवू नकोस, एवढंच म्हणतेय.”

बाबा गॅलरीत मांडीवर स्टूल आडवं घेऊन एका पायाला पॉलिश पेपर घासत होते. वहिनीनं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, त्यात स्वतःचा दोष अर्ध्या वाक्यात. त्यांनी हात सवयीनं पायजम्याला पुसले आणि ओल्या रंगाची वस्तू धरावी तसा फोन बोटांच्या टोकांनी धरला.

“हॅलो. … हं.”

मग ते थांबले. वहिनीच्या ओठांवर मदतीची चार वाक्यं आली. तिनं चारही गिळली.

“ऐकलंस ते माझंच आहे.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती घेऊन झाली.

“विचारायला हवं होतं तुला. … हं.”

फोन अजून चालू होता. पटाशीनं ठेवला नव्हता.

“या स्टुलाचे बाकीचे पाय बसलेत. एकाची खाच राहिलीय. माझा हात हलतो आता.” बाबांनी अंगठा त्या कोऱ्या जागेवर ठेवला. “तू… पाडशील का?”

आता पलीकडूनही काही येईना. इतका वेळ काही येईना की वहिनीनं हात पुढे केला आणि फोन कट झाला वाटतं, असं खुणेनं सांगितलं. बाबांनी मान हलवली.

“राहू दे,” ते हळूच म्हणाले. “बोलतेय ती.”

आणि थोड्या वेळानं खरंच बोलली असावी, कारण बाबांचा चेहरा ऐकणाऱ्याचा झाला.

“हं. … हं. … आहे, धार लावलेलीच आहे. … बरं, तुझी तू आण. … हो, सागच. … रविवारीच ना? … बरं. ठेवतो.”

ठेवायचं कसं ते त्यांना कधीच जमायचं नाही. वहिनीनं फोन घेऊन बंद केला आणि आत जाऊन प्रूफ घेऊन आली. सहाव्या प्रकरणाचं शीर्षक म्हणून तेच अर्धं वाक्य ठळक अक्षरांत बसलं होतं. तिनं त्यावर उभ्या-उभ्याच लाल रेघ मारली. पुस्तक काही उद्या छापखान्यात जात नव्हतं. सगळे भाग आधी कानांनी ऐकायला लागणार होते.

“काय म्हणाली हो पटाशी?” तिनं विचारलं.

“ती म्हणाली…” बाबांनी सुरुवात केली, आणि थांबले.

वहिनीनं पेनाला टोपण घातलं आणि भुशात फतकल मारून बसली.