हातभर बाहेर

वूहानमध्ये सकाळच्या नूडल्सच्या रांगेत दोन म्हातारे वीस वर्षांपूर्वीच्या बॅडमिंटनच्या उपांत्य सामन्यावरून तंडत होते. तो सामना हरलेली शी याचिन त्यांच्याच मागे मास्क लावून उभी होती.

"अरे, समोर आपलीच पोरगी होती. अंतिम फेरीत त्या परदेशी पोरीला तीच जड गेली असती, म्हणून प्रशिक्षकाने याचिनला हरायला सांगितलं."

"पण शेवटचं फूल रेषेच्या हातभर बाहेर मारायचं? नाटक तरी धड करायचं!"

"नावं ठेवू नकोस तिला. देशासाठी सुवर्णपदकावर पाणी सोडलं पोरीने."

याचिनला राहवेना. "काका, तिने प्रशिक्षकाचं ऐकलंच नव्हतं. जिंकायचं म्हणून जीव तोडून खेळत होती."

"मग हरली कशी?"

"समोरची भारी पडली."

"गप गं बाई! बॅडमिंटनमधलं तुला काय कळतं?"