टिश्यूच्या जागी पुस्तक

परदेशात, बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवणाच्या रांगेत मागून बापलेकीचं मराठी ऐकू आलं, तशी कुमुदने कान टवकारले.

“बाबा, इथे टेबल अडवायला टिश्यूचं पाकीट ठेवतात. तुम्ही माझं पुस्तक ठेवून आलात!”

“बरं मग? अमेरिकेतले लॅटिनो मतदार आणि तिथले स्थलांतराचे कायदे, यांच्यामागे बारा वर्षं घालवलीस. जरा लोकांना दिसू दे.”

“तुम्हीच म्हणायचात ना, त्यांच्या राजकारणाशी आपलं काय घेणंदेणं?”

“वाचण्याआधी म्हणायचो.”

“वाचलंत? कधी?”

“बोटीवर. दोनदा. घर सोडून निघालेल्या माणसांचं बोटीवाल्याला कळतं गं.”

“बाबा... अहो, पण कुणी उचलून नेलं तर?”

“नेऊ दे की! पिशवीत अजून चार आहेत.”