सतरा दिवस तिची मेल गेली नाही

काका, गौरी, हरिशंकरपुरम कॉलनीतली सगळी मंडळी, आणि कॉलेजमधून आलेले माझे सहकारी, सगळ्यांना नमस्कार.

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. गौरीनं काल फोन करून सांगितलं, "दादा, तुम्ही आईबरोबर बारा वर्षं काम केलंय, दोन शब्द बोला." मी नाही म्हणणार होतो. माझं मराठी ग्वाल्हेरचं, मधेच हिंदी येईल. पण नाही म्हणण्याचं कारण ते नव्हतं. खरं कारण आता कळेलच.

मी निखिल. सिटी सेंटरला आपलं जे नर्सिंग कॉलेज आहे, तिथले कंप्युटर आणि मेल मी सांभाळतो. वसुधा मावशी तिथल्याच ऑफिसच्या अधीक्षक. सगळे त्यांना वसुधा मॅडम म्हणायचे, मी मावशी म्हणायचो. आज या शोकसभेत आतापर्यंत जे बोलले, ते सगळे म्हणाले की मॅडम फार शांत होत्या. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. खरंय. पण सात महिन्यांपूर्वी सतरा दिवस त्या शांत नव्हत्या. त्यांचं बोलणं बंद केलेलं होतं. आणि ते मी बंद ठेवलं होतं.

तुमच्यापैकी पुष्कळांना ती मेल आली होती. मॅडमच्या नावानं. "सोबतचा कागद पाहण्यासाठी इथे पासवर्ड टाका." कुणी टाकला, कुणाचं अकाउंट गेलं. विद्यार्थिनी, पालक, आपल्या मुली जिथं नोकरीला आहेत ती हॉस्पिटलं, सगळीकडे एका दुपारी शेकडो मेल गेल्या. एवढ्या मेल एकदम जायला लागल्या की सिस्टीम आपणहून त्या माणसाचं पाठवणं बंद करते. येणाऱ्या मेल येत राहतात. जाणारी एकही जात नाही.

येणाऱ्या येत राहतात. हे नीट ऐका. कारण त्या सतरा दिवसांत मावशींना काय काय आलं, ते मी वाचलंय. जिची पहिल्या वर्षाची सगळी कागदपत्रं त्यांनी स्वतः जमवून दिली होती, त्या मुलीनं लिहिलं, "मैडम, आपसे ये उम्मीद नहीं थी।" एका पालकानं जे लिहिलं, ते मी इथं मावशींच्या यजमानांसमोर, काकांसमोर म्हणणार नाही. आपल्याच स्टाफमधल्या एकानं लिहिलं, या वयात जमत नसेल तर घरी बसा. तो इथं बसलाय. नाव घेत नाही.

मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "निखिल, मला लोक शिव्या देताहेत, आणि मला उत्तर देता येत नाही रे. एवढं तरी खोल."

किती वेळाचं काम होतं ते? पासवर्ड बदलायचा. जिथं जिथं लॉगिन उघडं असेल, तिथून बाहेर काढायचं. मेल परस्पर वळवायला चोरानं आत लपवून ठेवलेले नियम पुसायचे. पुढच्या वेळी फोनवर कोड येईल अशी सोय करायची. मग अडवलेल्या लोकांच्या यादीत जायचं, नावावर क्लिक करायचं, खोला म्हणायचं. अर्धा तास. नंतर तासाभरात मेल जायला लागते. यादीच्या आधीचं सगळं काम मी दुसऱ्याच दिवशी केलं होतं. एक क्लिक राहिली होती. तेवढी मी केली नाही.

का केली नाही? सांगतो.

साफसफाई करताना मी नोंदी पाहिल्या. मावशींना जी फसवी मेल आली, ती कुठल्या बनावट पत्त्यावरून नव्हती. ती आपल्या डायरेक्टर साहेबांच्या खऱ्या अकाउंटवरून आली होती. त्यांचं अकाउंट आदल्या दिवशीच गेलं होतं, बाहेर देशातून कुणी आत शिरलं होतं. म्हणजे साहेबांनी आधी पासवर्ड दिला. मावशींनी नंतर दिला, आणि तोही साहेबांची मेल म्हणून दिला. साहेबांची मेल उघडली नाही तर काय होतं, ते ऑफिसात कोणाला ठाऊक नाही?

मी साहेबांकडे गेलो. स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी।" मग म्हणाले, "और मैडम का अभी मत खोलना। लोगों को दिखना चाहिए कि हमने एक्शन लिया है।"

त्यांचं अकाउंट मी त्याच दुपारी नीट करून दिलं. त्यांना वाट पाहावी लागली नाही. चहा पिऊन होईपर्यंत झालं.

साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. मी काही चुकीचं सांगत असेन तर थांबवा. नाही? मग पुढे बोलतो.

सतरा दिवस मावशी काय करत होत्या? विद्यार्थिनींचं रजिस्टर घेऊन एकेकीला फोन करत होत्या. "बेटा, वो मेल मैंने नहीं भेजी।" काही जणी ऐकून घ्यायच्या. काही फोन कापायच्या. त्यातच ही रेखा, मागे उभी आहे, हिला भोपाळच्या हॉस्पिटलात नोकरी लागत होती. तिची कागदपत्रं खरी असल्याचं कॉलेजकडून खात्रीपत्र हवं होतं. ऑफिसच्या मेलवरून येऊ दे, नाहीतर कुणी हातात आणून द्या, असं त्यांचं म्हणणं. मुदत दोन दिवसांची. मावशी पुन्हा माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, ऑर्डर नाही. दुसऱ्या कुणाच्या मेलवरून पाठवू म्हटलं, तर पत्रावर सही करणाऱ्या बाईंच्याच मेलवरून हवं, असं हॉस्पिटलानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशी सकाळच्या गाडीनं भोपाळला गेल्या, पत्र हातात दिलं आणि परत आल्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असताना.

रेखाला नोकरी लागली. मावशींना मेमो मिळाला. न सांगता गैरहजर.

अठराव्या दिवशी तपासणीची टीम येणार होती आणि मॅडमच्या नावानं कागद पाठवायचे होते. तेव्हा वरून निरोप आला, खोल दो. मी क्लिक केलं. तासाभरानं मावशींनी मला मेल पाठवून पाहिली. त्यात एवढंच, "मिळाली का?"

मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "निखिल, खरं सांग. माझ्यापासूनच सुरू झालं का हे?"

मी म्हटलं, "मावशी, ते कळत नाही सिस्टीममध्ये."

खोटं बोललो. माझी नोकरी होती, मुलाची शाळा होती, आणि मी भित्रा होतो. पहिली दोन कारणं मी सात महिने स्वतःला सांगतोय. खरं कारण तिसरं.

त्यांनी मान हलवली. जागेवर गेल्या आणि त्या सगळ्या पत्त्यांवर माफीचं पत्र पाठवलं. "चूक माझी आहे. माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्याला त्रास झाला. क्षमा असावी." मी माझ्या स्क्रीनवर बघत होतो. एकेक पत्र पोहोचत होतं. मी थांबवू शकत होतो. नुसतं उठून त्यांच्या टेबलापर्यंत जायचं होतं. अकरा पावलं असतील.

दोन महिन्यांनी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आपण म्हटलं, मॅडम साध्या आहेत. साध्या नव्हत्या त्या. त्यांना आपल्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते या मेलमुळे थांबलं असं मी म्हणणार नाही. मला तसं म्हणायचा अधिकार नाही. पण काकांनी परवा मला विचारलं, "शेवटपर्यंत ती म्हणायची, माझ्यामुळे पोरींना त्रास झाला. खरंच रे, तिच्यामुळे झाला होता?" तेव्हाही मी गप्प बसलो, काका. चिता विझली नव्हती आणि मी गप्प बसलो.

आज सकाळी मी माझ्या नावानं त्याच सगळ्या पत्त्यांवर पत्र पाठवलंय. आधी कोणाचं अकाउंट गेलं, मावशींचं पाठवणं कुणी आणि का बंद ठेवलं, मी काय लपवलं, सगळं लिहिलंय. नोंदी जोडल्या आहेत. उद्या मला कॉलेजात आत घेतील असं वाटत नाही. घेऊ नये.

साहेब, जाताय? जा. दार उघडंच आहे.

काका, जिनं ते पत्र वाचायला हवं होतं, तिच्यापर्यंत ते पोहोचणार नाही. माफी मागायला मी आलेलो नाही, ती आता कुणाकडे मागणार? एवढंच विचारतो, मावशींसाठी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहणार आहोत, तेव्हा मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहू का? नको असेल तर तसं सांगा. मी इथंच थांबतो.

मावशी, नमस्कार करतो.

उठू या सगळे.