लेबलावरून गळलेली ओळ

“हॅलो? …हॅलो, आये? प्रांजल बोलतीया, सांगलीसनं. ऐकू येतंय का?”

छापखान्यात मशीनचा आवाज इतका, की प्रांजलने एका कानात बोट घातलं आणि ती कागदाच्या थप्प्यांमागं गेली. मुठीत शाई न वाळलेलं एक लेबल होतं.

“व्हय, जेवले… आगं जेवले म्हंते न्हवं! आये, आबा कुठं हायत? …मेंढरात? काय करत्यात? …औषध पाजत्यात?”

तिने मुठीतलं लेबल उलगडलं.

“कुठलं औषध? …पांढऱ्या कॅनातलं? मी एसटीनं धाडलेलं? …आये, इख हाय त्ये! गोचिडाचं हाय, अंगावर मारायचं. पाजायचं न्हाई! हाक मार आबास्नी. आदी हाक मार, मग बोल!”

लेबल तिनेच जुळवलं होतं. दोनच रंग, काळा आणि ठरलेला एक लाल, म्हणून मशीनवर दोनच प्लेटा, एका रंगाला एक. औषधवाल्यांनी अगदी शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली, ‘विष. पाजू नये. फक्त अंगावर फवारावे.’ ती तिने त्यांच्याच जुन्या चाररंगी फाईलमधून उचलून बसवली. पडद्यावर दोन्ही लाल सारखेच दिसत होते. पण उचललेल्या ओळीचा लाल गुलाबी आणि पिवळा मिसळून केलेला होता, आणि त्या दोन रंगांच्या प्लेटा निघायच्याच नव्हत्या. ओळ ना काळ्यावर आली, ना लालवर. आज पुढची छपाई सुरू झाली, तिने ओलं लेबल हातात घेतलं, तर तिथं कोरी जागा. पहिले कॅन तर केव्हाच बाहेर पडले होते; त्यातलाच एक औषधवाल्यांनी तिला दिला होता, तो तिने घरी धाडला होता.

“लिवलेलं न्हाई त्यावर, ठावं हाय मला… आगं लिवलं हुतं, छापलंच न्हाई! …कुणी म्हंजे? मीच, आये. माझ्याच हातनं झालंय. …त्यास्नी ऐकू जाईना? वारं उलटं हाय? मग पळ की! न्हाई, फोन ठेवू नगंस. हातात धरून पळ.”

कानात नुसता वारा आणि आईची धाप. प्रांजल पुटपुटत होती, “आई यमाई, आई यमाई…”

“आबा? आबा, थांबा! पाजलं का? …दोघींना? बाकीच्या सोडा. कॅनापासनं कुत्र्याला लांब करा. हात धुवा, साबणानं. …आबा, झाकण कसं उघडलं?”

ती तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

“दातानं? …तोंडात गेलं का? खरं सांगा. …थोडं म्हंजे? चूळ भरा. गिळू नका! …मेंढ्यांचं ऱ्हाऊ द्या आता. …आडव्या पडल्या? दोन्ही?”

ती एकदम ओरडली.

“आईला द्या फोन! आये, डोळं बघ त्यांचं. घाम सुटलाय? …लाळ? आये, रडू नगंस, ऐक. हरिबामामाची मोटारसायकल हाय न्हवं तिथं? आबास्नी मदी बसव, तू मागनं धर. औंधला, दवाखान्यात. कॅन संगं घे. …व्हय, त्योच. औषधाचं नाव काळ्यात हाय, त्ये छापलंय. फोन चालूच ठेव, गं.”

फोरमनने खुणेनंच काय झालं म्हणून विचारलं. तिने हातातलं लेबल त्याच्यापुढं धरलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तो मशीनकडं धावला. धडधड थांबली आणि छापखाना एकदम ओस वाटायला लागला.

“बोलत्यात का? …मग बोलत ठेव त्यास्नी! कायबी इच्यार. कोकरांची नावं इच्यार… आये? आये, बोल की काहीतरी! …आला का दवाखाना? …दे, डॉक्टरांकडं दे.”

ती उभी राहिली. लेबलावरचं औषधाचं नाव डोळ्यांपुढं धरलं.

“हॅलो… नमस्कार डॉक्टर. मी त्यांची मुलगी. …हो, लेबल मीच केलंय. नाव दिसतंय ना कॅनवर? …हो, तेच. प्यायले नाहीत, झाकण दातानं उघडलं, तेवढंच. …इंजेक्शन आहे ना तुमच्याकडं? …हो. …हो, थांबते.”

किती वेळ गेला तिला कळलं नाही. फोन कानाला चिकटला होता, घामानं.

“हॅलो? …आबा? तुमीच बोलताय? …कोरड पडलीया? पडू द्या, सुईनं पडती तशी. दोन दिस तिथंच ऱ्हावा. …व्हय. …मेंढ्या गेल्या? गेल्या तर गेल्या, आबा…”

आता ती रडली. फोन तोंडापासून लांब धरून, आवाज दाबून. मग पुन्हा कानाला लावला.

“हाय, हाय मी. …काय म्हंता? दुसरे कॅन? …गेल्यात, आबा. आटपाडीला, जतला, तिकडं माणदेशात…”

पलीकडचं ऐकता ऐकता तिने डोळे पुसले. बोटांची काळी शाई गालाला लागली.

“…व्हय. तुमी म्हंता त्ये खरं हाय. ठेवते. …न्हाई, आबा, आता बोलत न्हाई बसत, त्येंच्याबी घरात कुणीतरी झाकण उघडत आसंल.”

तिने फोन ठेवला आणि आटपाडीच्या दुकानाचा नंबर लावला.