किसनरावांची कवळी

चिखलीच्या दातांच्या दवाखान्यात वैष्णवी सुईनं बधिर झालेला गाल धरून बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं चाललं होतं.

"किसनराव, तीन रविवार झाले, माह्या दुकानातून नुसता खिमाच नेऊन राह्यले. काऊन?"

"सून मोबाईलमधी पाहून शेफर्ड्स पाय करते, नजीरभाई. खाली खिमा, वर घोटलेला आलू, त्याच्यावर काट्यानं वखरल्यावानी रेघा, अन् मंग भाजते."

"अन् भट्टी कुठून आनली?"

"कुकरात मिठाचा थर देऊन डबा ठेवते. वरून रंग यावा म्हनून लाल तापवलेला तवा धरते."

"तुमच्या तोंडात तं एक दात नाही!"

"म्हनून तं! वर्षभर नुसता रस्सा पेलो. आता ताट चाटून राह्यलो."

"मंग कवळी कायले बसवता?"

"सूनच म्हने, कवळी बसली का तुम्हाले सगळ्यायसारखं मटन खाता येईन."

"म्हंजे हे खिम्याचं बंद?"

"बंद."

वैष्णवीला अर्ध्याच तोंडानं हसू आलं.

आतून नर्सबाई डोकावली. "किसनराव कोण आहेत?"

किसनराव टोपी घालून उठले आणि दाराकडे निघत म्हणाले,

"ते? ते तं आत्ताच घरी गेले, बाई."