सरांचे दुसरे वाक्य

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे सन्माननीय प्राचार्य साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून मुद्दाम इचोड्याहून आलेले आदरणीय उद्धवराव, ज्यांच्या बदलीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत ते इंग्रजीचे प्राध्यापक राजलिंगम सर, व्यासपीठावरची प्राध्यापक मंडळी, आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, विद्यार्थी मित्रांनो. कुणाचे नाव राहिले असेल तर ते अज्ञानाने राहिले, मुद्दाम नाही. मला रात्रीपासून तीच काळजी होती.

सूत्रसंचालक केशवरावांनी आत्ता माझे नाव 'चंपतराव सायकलवाले' असे पुकारले. बरोबर आहे. बस स्टँडच्या मागे माझे सायकलचे दुकान आहे. माझे शिक्षण म्हणाल तर निजामाच्या अमदानीत उर्दू चार इयत्ता, आणि मराठी पुढे दुकानाच्या पाट्या वाचून. अशा माणसाला एवढ्या विद्वानांसमोर का उभे केले? तर सर इतकी वर्षे माझ्या घरात, पुढच्या खोलीत राहिले. घरमालकाने दोन गोड शब्द बोलावेत अशी समारंभाच्या मंडळाची इच्छा. शाल मी सरांना मघाशी घातलीच आहे. मी मराठीतच बोलतो. तेलुगू मला समजते, पण बोलायला गेलो की ग्राहकसुद्धा हसतात. सरांना मराठी चांगले कळते. आमच्या घरातच शिकले ते.

सर निर्व्यसनी, वेळेचे पक्के. आमच्या मंडळींच्या, म्हणजे बयनाबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी त्यांना इतकी आवडू लागली की गावाहून परतल्यावर पहिली चौकशी भाकरीची. मला 'बाबूजी' म्हणत. अजूनही म्हणतात. हे सगळे खरे आहे, आणि गोड आहे.

आता माझी मुलगी रेणुका. ती याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी, म्हणून तिचे नाव घेतले तर चालेल ना, साहेब? थोडेच घेतो.

रेणुका मराठी माध्यमातून बारावी झाली. पुढे काय? इथे पदवीला मराठी माध्यम नाही. तेलुगू माध्यमात बसावे तर ज्यांची ती घरची भाषा, त्यांच्याशी हिची बरोबरी कशी व्हायची? ती मला म्हणाली, "बाबा, इंग्रजी साऱ्याहीलेच परकी हाय. तिथं तरी समदे एका रेषेवर उभे राह्यतीन." मला ते पटले. इंग्रजी साहित्य घेऊन तिने बी.ए.ला नाव घातले. माझे धाकटे बंधू महिपत तेव्हा दुकानात येऊन म्हणाले, "काऊन रे दादा, पोरगी इंग्रजी शिकून आता गोऱ्या सायबाच्या सायकलीचे पंक्चर काढीन का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, धंद्याची जागा होती.

पहिल्याच आठवड्यात ती घरी आली आणि पुस्तके बाजूला सारून बसली. विचारले तर म्हणाली, "बाबा, इंग्रजीचा तास तेलुगूत होते." मला वाटले गंमत करते. तर तसे नव्हते. सर पुस्तकातली ओळ इंग्रजीत वाचत आणि अर्थ तेलुगूत सांगत. त्यात सरांचा दोष नाही, वर्गातल्या बहुतेक मुलांना तसेच हवे होते. एके दिवशी ही उठली आणि म्हणाली, सर, कृपा करून इंग्रजीत सांगा. सरांनी वर्गाकडे पाहिले. "इंग्लीषुलो चेप्पाला?" म्हणजे, इंग्रजीत सांगू का? सगळा वर्ग हसला. इंग्रजीच्या तासाला कुणी इंग्रजी मागितली म्हणून हसला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आज हसला नाहीत, याबद्दल मी तुमचा आभारी आहे.

संध्याकाळी सर ओसरीवर चहा घेत असत. तिथे ही पुस्तक घेऊन जाई. सर म्हणत, "गाइड पढो ना, अम्मा. गाइड में सब है." सगळे गाइडच पाठ करत. हिने नाही केले. डिक्शनरी घेऊन बसे, ओठातल्या ओठात बडबडत असे. बयनाबाईंना भीती वाटे, पोरीला काही लागीर झाले की काय.

शेवटच्या वर्षाला एक कविता होती. मी वाचलेली नाही, मुलीने सांगितले तेवढेच सांगतो. तिकडे विलायतेत शेतावर बर्फ पडते, सगळे रान पांढरे होते, अशी. परीक्षेत प्रश्न आला, कवीने काय वर्णन केले ते लिहा. गाइडात उत्तर होते की कवीने निसर्गाच्या सौंदर्याची स्तुती केली आहे. शंभर मुलांनी तेच लिहिले, गाइडातल्या चुकीसकट. रेणुकाने लिहिले की मी बर्फ पाहिलेले नाही, पण पांढरे झालेले रान दरवर्षी पाहते, आमच्या मामाच्या शेतात कापूस वेचते. सकाळी दव असते, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे फुटतात. रस्त्यावरून बसने जाणारा म्हणतो, काय सुंदर आहे. वाकलेल्या बाईला तसे दिसत नाही. आणि या कवितेत कवीही रस्त्यावरूनच पाहतो, शेतात उतरत नाही.

असे तिने लिहिले. बरे की वाईट ते मी कसे सांगू? इथे जाणकार बसले आहेत.

पेपर तपासणाऱ्यांना संशय आला. एका गठ्ठ्यात सगळी उत्तरे सारखी आणि एकच वेगळे. जी सारखी होती त्यांच्यावर नाही, साहेब. जे वेगळे होते त्याच्यावर. त्यात कुणीतरी कळवले की मुलीच्या घरात इंग्रजीचे प्राध्यापकच राहतात. झाले. चौकशीला विद्यापीठाचे तिघे जण आले. याच इमारतीत, वरच्या खोलीत. पालक म्हणून मला भिंतीकडेच्या बाकावर बसवले.

रेणुका त्यांना म्हणाली, मला दुसरा कोणताही प्रश्न द्या, इथेच, तुमच्या समोर लिहून दाखवते. ते म्हणाले, तसा नियम नाही. मग त्यांनी सरांना इंग्रजीत काही विचारले आणि सरांनी इंग्रजीत उत्तर दिले. दोन लहान वाक्ये. मला कळले नाही. मी मुलीच्या तोंडाकडे पाहिले, ते उतरले होते.

परत जाताना सायकल हातात धरून आम्ही चालत गेलो. मी विचारले, "काय म्हणाले वं सर?"

"म्हणाले, मी हे शिकवलं नाही."

"मंग बराबरच हाय ना! तेच तर आपलं म्हणणं हाय."

बरीच दूर गेल्यावर ती म्हणाली, "अन् म्हणाले, इले हे येणं शक्य नाही."

मंडळी, पहिले वाक्य खरे होते. सरांनी ते शिकवलेच नव्हते. त्या वाक्याने सर सुटले. तिथेच थांबले असते तर माझी मुलगीही सुटली असती. दुसऱ्या वाक्याची काय गरज होती? तिचा निकाल रद्द झाला. परीक्षेला बसायची बंदी आली. कॉपी केली, असा शिक्का बसला.

संध्याकाळी सर खोलीवर आले. हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले. "बाबूजी, मेरी नौकरी का सवाल था."

मी म्हणालो, "मेरे को लडकी थी, सर."

तेवढ्यात बयनाबाईंनी मला आत बोलावले. "त्याहीचं ताट वाढू का नको वाढू? एक काय ते सांगा."

मी म्हणालो, वाढ.

का म्हणालो? बायकोने विचारले, महिपतने विचारले, शेजारचे डोमाजी तर रोज विचारायचे, "अशा माणसाले घरात काऊन ठेवून राह्यले तुमी?" सांगतो. सरांना काढले असते तर गाव म्हणाले असते, पाहा, काहीतरी होते, म्हणून काढले. मुलगी घरात, माणूस परका. काढले तरी बोलतील, ठेवले तरी बोलतील. मी आधीच काळजी करणारा माणूस. आम्ही त्यांना भाकरी वाढत राहिलो, आणि त्या दुसऱ्या वाक्याचा विषय घरात कुणीच काढला नाही.

केशवराव, घड्याळ दाखवू नका. मला दिसते आहे. थोडेच राहिले.

रेणुकाचे पुढे बेल्याला लग्न झाले. जावई चांगले आहेत. पण घरात भांडण निघाले की सासू 'कॉपीवाली' म्हणते. तिथल्या खाजगी शाळेला इंग्रजीची बाई हवी आहे आणि हिच्याजवळ पदवी नाही. बंदी कधीच उठली आहे. परीक्षेला बसता येते. मी परवा तिला सांगायला गेलो, सरांचा निरोप समारंभ आहे, चल. म्हणाली, "मी येत नाही. तुमी जा, गोड बोला, शाल घाला अन् या." मी म्हणालो, परीक्षेला तरी बस आता. तर म्हणाली, "बाबा, मी चोर नाही हे ज्याहीनं म्हणाले पायजे होतं, त्याहीनं म्हटलं नाही. चोर म्हणून परीक्षेच्या त्याच बाकावर जाऊन बसू काय?"

सर उद्याच्या गाडीने करीमनगरकडे जातील. मग ते म्हणणारे इथे कोण उरेल? त्या तिघांचे चेहरेही मला आता आठवत नाहीत. ज्यांनी तिला शिकवले ते तुम्हीच, सर. आणि ती कशी बसून वाचायची ते भिंतीच्या पलीकडून ऐकणारेही तुम्हीच.

गोड बोलायला उभा राहिलो होतो. जमले नाही. प्राचार्य साहेबांनी मला बोलू दिले, उद्धवराव इतक्या लांबून येऊन शांतपणे ऐकत आहेत, मंडळाने माझ्यासारख्या सायकलवाल्याला मान दिला, त्या सगळ्यांचे मी हात जोडून आभार मानतो. सरांना नव्या गावी चांगले घर मिळो, प्रकृती चांगली राहो. माझ्या तोंडून कमीजास्त गेले असेल, कुणाचे मन दुखावले असेल, तर म्हातारा आहे, कमी शिकलेला आहे, असे म्हणून पोटात घाला.

आता सत्काराला उत्तर द्यायला सर उठतील. त्यांनी एवढेच सांगावे की ते उत्तर रेणुकाने लिहिले आणि ते तिला येत होते. तेलुगूत सांगा, उर्दूत सांगा, चालेल. इंग्रजीत मात्र नको, सर. मागच्या वेळी मला ते कळायला अर्ध्या रस्त्यापर्यंत चालावे लागले.

नाही केशवराव, खुर्ची नको. माझे भाषण संपले आहे, पण मी बसणार नाही. मी इथे बाजूला उभा राहतो. या, सर.