अर्धं पाऊल डावीकडे

नाही हो, मोठा करून दाखवू नका, मोठा केला की अजूनच धूसर होते बायको — मला माहितीये, सकाळपासून घरी तेच करत बसलो होतो. हा पुढचा बघा. हाही नाही? यात खांदा आहे ना, निळा कोट — तो तिचाच. या खालच्यात कान आणि थोडे केस. तुमच्या स्टुडिओतल्या त्या कॉम्प्युटरमध्ये काहीच होत नाही का? मागचा टोपीवाला बघा, त्याच्या टोपीचे टाकेसुद्धा मोजता येतात, मग पुढच्या बाईला थोडं लख्ख करायचं एवढंच तर — नाही होत. बरोबर आहे, जे कॅमेऱ्यात उतरलंच नाही ते तुम्ही तरी आणणार कुठून. पण उद्या मुलगी येतेय. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अल्बम करायचाय तिला. तिने एकच काम सांगितलं होतं मला — बाबा, प्रवासातले आईचे चांगले वीस फोटो काढून ठेवा. वीस! अकरा देश फिरलो आम्ही, चार हजारांवर फोटो आहेत, आणि तिचा धड एकही सापडत नाहीये.

कसं म्हणजे? सांगतो. मी दातांचा डॉक्टर — होतो, आता दवाखाना बंद केलाय. पस्तीस वर्षं लोकांची तोंडं उघडून बघितली, पण खुर्चीतला माणूस खरा नसतो, घाबरलेला असतो. खरा माणूस रस्त्यावरचा. तोसुद्धा फोटो काढतायत हे कळेपर्यंतच — कळलं की लगेच पोट आत आणि दात बाहेर. मग परक्या देशात करायचं काय? मी युक्ती काढली. बायकोला उभं करायचं. ‘थांब तिथे, हां, हस’ म्हणायचं आणि तिच्या खांद्यावरून मागच्या बाकावरची म्हातारी टिपायची. कुणाला संशय येत नाही, उलट लोक कौतुकाने बाजूला होतात, काय हौशी नवरा आहे म्हणून. आमच्या फोटोच्या क्लबात ही युक्ती शिकवलीय मी, टाळ्या घेतल्यात. आणि ही उभी राहायची हो — उन्हात, वाऱ्यात, टाच सोललेली असली तरी. तो निळा कोट मुद्दाम शिवून घेतला होता तिने, फोटोत उठून दिसेल म्हणून. फोटो झाला की विचारायची, ‘कसा आला?’ आणि मी — इंजेक्शन देताना ‘काही दुखणार नाही’ म्हणतो ना आम्ही, त्याच आवाजात — ‘छान आलीयेस’ म्हणायचो. तिला काही कळत नाही असं वाटायचं मला. म्हणजे, तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

थांबा, हा पुढे ढकलू नका. हा बक्षीस मिळालेला. बसथांब्यावर रडणारी बाई, हातात लहान मुलाचा एकच बूट. दिवाणखान्यात लावलाय मी, हा एवढा मोठा करून. येणारा जाणारा विचारतो, असा क्षण पकडलात कसा? कसा पकडला ते आजवर कुणाला सांगितलं नाही. ही नेहमीसारखी पुढे उभी होती. सहज मागे वळली, तिला ती बाई दिसली — आणि ही सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, कोट दोन्ही हातांनी असा पसरून. ‘राहू द्या ना,’ म्हणाली, ‘रडतेय ती.’ पण क्षण जात होता हो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — ‘अगं सरक, तुझा फोटो कोण काढतंय?’ भर रस्त्यात. सरकली मग. अर्धं पाऊल डावीकडे. माझा आवाज ऐकून त्या बाईने वर बघितलं, म्हणून तर डोळे असे थेट आलेत. परीक्षकांनी त्या नजरेवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुःख काय, करुणा काय. दुःख कसलं, चोरी पकडल्यावर बघतात तसं बघतेय ती माझ्याकडे. बूट कुणाचा, एकच का, मी विचारलंही नाही. हीच गेली तिच्याजवळ, भाषेचा एक शब्द येत नसताना पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मी तेवढ्या वेळात फोटो हलला तर नाही ना ते तपासत होतो.

त्यानंतर सहा प्रवास झाले. तारखेने लावलेत ना तुम्ही? मग बघा — हा, हा, हा — प्रत्येकात ती डावीकडे. मी ‘थांब’ म्हणायचो आणि पुढचं काही सांगायच्या आत ती अर्धं पाऊल सरकायची, मला मागची वाट मोकळी करून द्यायची, आणि वर हसायची. मला वाटायचं, वय झालं, एका जागी उभं राहवत नाही. ‘कसा आला’ विचारणंही बंद झालं होतं. ते माझ्या लक्षात कधी यावं? आज सकाळी. सहा वर्षांनी, मुलीच्या वीस फोटोंपायी. लाज वाटते हो. अनोळखी माणसं चोरून टिपली त्याची वाटतेच, पण जी रोज समोर उभी होती — जाऊ द्या, तुम्हाला कशाला सांगतोय मी हे, तुमचं काम छापून द्यायचं.

आली बघा ती. मीच बोलावलंय, पासपोर्टला फोटो लागतोय म्हणून — हो, तेही खोटंच. आधी तो स्क्रीन बंद करा. ये गं. बस त्या स्टुलावर. नाही, हे स्टुडिओवाले नाही काढणार, मी काढतोय. आपलाच कॅमेरा आणलाय. तो दिवा जरा अलीकडे घ्या हो. हां. आता माझ्याकडे बघ — अगं, सरकतेस कुठे? मध्ये बस ना. मागे कोणी नाहीये. मागे नुसता पांढरा पडदा आहे.

तुम्ही जरा बाहेर थांबता का?